बर्मी मजकूर, मराठी वाचक आणि मधले यंत्र

यांत्रिक भाषांतराविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन आम्ही वाचकांना केले होते. हिंदी, इंग्रजी आणि जर्मनबद्दल बरीच पत्रे येतील हे अपेक्षित होते. बर्मी भाषेबद्दल मात्र एवढी येतील असे वाटले नव्हते. इगतपुरी, रत्नागिरी आणि वाशीचा बाजार या तिन्ही ठिकाणांचे ब्रह्मदेशाशी (म्यानमारशी) असलेले नाते लक्षात घेतले, तर त्यात नवल नाही. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात सेवा देत असताना मंडालेच्या एका साधिकेशी ओळख झाली. त्या बर्मीत निरोप पाठवतात आणि मी ते फोनवर भाषांतर करून वाचतो. इंग्रजीत वाचले तर बरे वाटते, पण मराठीत वाचले की त्या बाई ‘मी पोहोचलो’ असे म्हणतात आणि मला कधी ‘तू’ तर कधी ‘तुम्ही’ म्हणतात. यंत्राला मराठी येत नाही, की बर्मी येत नाही?
— एक वाचक, नाशिक

दोन्ही भाषा त्याला थोड्याफार येतात. घोटाळा मधल्या मुक्कामात होतो. बर्मी आणि मराठी या दोन भाषांत थेट जुळवलेला मजकूर, म्हणजे तेच वाक्य दोन्ही भाषांत शेजारी-शेजारी ठेवलेला संग्रह, जवळपास नाही. त्यामुळे बहुतेक सेवा बर्मीचे आधी इंग्रजी करतात आणि मग त्या इंग्रजीचे मराठी करतात. अलीकडची बहुभाषी प्रारूपे (मॉडेल) हा प्रवास उघडपणे दोन टप्प्यांत करीत नसली, तरी त्यांचे शिक्षण मुख्यतः इंग्रजीच्या जोड्यांवर झालेले असते आणि त्याची छाप राहतेच.

आता आपल्या मैत्रिणीचा निरोप पाहा. त्यांनी बहुधा ‘चमा याऊ बा बी’ अशा अर्थाचे काही लिहिले असेल. ‘चमा’ म्हणजे ‘मी’, पण बोलणारी स्त्री असतानाच वापरायचा ‘मी’. पुरुष ‘चनॉ’ म्हणतो. ‘याऊ’ म्हणजे पोहोचणे, ‘बा’ हा नम्रतेचा प्रत्यय आणि ‘बी’ हे क्रिया पूर्ण झाल्याचे चिन्ह. बोलणारी व्यक्ती स्त्री आहे आणि ती अदबीने बोलते आहे, या दोन्ही गोष्टी चार शब्दांत स्पष्ट आहेत. मराठीलाही नेमक्या याच गोष्टी हव्या असतात, कारण ‘पोहोचलो’ की ‘पोहोचले’ हे ठरवल्याशिवाय मराठी वाक्य पुरे होत नाही. पण मध्ये इंग्रजी येते, तिथे ‘मी’ला लिंग नाही आणि क्रियापदाला अदब नाही, म्हणून दोन्ही खुणा गळून पडतात. शेवटच्या टप्प्यावर यंत्राला काहीतरी निवडावेच लागते आणि ते सवयीने पुल्लिंग निवडते. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा गोंधळही असाच होतो. गंमत अशी, की क्रियापद शेवटी ठेवणे आणि विभक्तीचे काम नामामागून येणाऱ्या शब्दांकडून करून घेणे या बाबतींत बर्मी वाक्य इंग्रजीपेक्षा मराठीला जवळचे आहे. तरीही ते लंडनमार्गे येते.

कर्ता गाळण्याची बर्मीची सवय ही दुसरी अडचण आहे. संभाषणात कोण येणार, कोणी जेवण केले हे संदर्भावरून कळत असेल तर सर्वनाम लिहीत नाहीत. मराठीतही आपण ‘येईन उद्या’ म्हणतो, पण आपल्या क्रियापदात ‘मी’ दडलेला असतो. बर्मी क्रियापद पुरुषानुसार किंवा वचनानुसार बदलत नाही, त्यामुळे एकटे वाक्य यंत्राच्या हाती दिले की ‘मी येईन’ आणि ‘ते येतील’ यांत अंदाजच उरतो. म्हणून एकेक ओळ स्वतंत्र टाकण्यापेक्षा निरोपांची आख्खी मालिका एकत्र देऊन भाषांतर करून पाहावे. नव्या प्रारूपांना मागचा-पुढचा संदर्भ वापरता येतो.

केंद्रातील पत्रव्यवहारात आणखी एक पेच येईल. भिक्खूंशी बोलताना गृहस्थ स्वतःला ‘दब्यी-दॉ’ म्हणवतो, ज्याचा शब्दशः अर्थ शिष्य. यंत्राने तो अर्थ शब्दशः घेतला, तर ‘मी आजारी आहे’ हे वाक्य ‘शिष्य आजारी आहे’ असे होऊन बसेल आणि कोणता शिष्य हे आपण शोधत राहाल. भिक्खूंच्या जेवण्या-झोपण्यालाही वेगळी क्रियापदे आहेत. इगतपुरीचे केंद्र उभारणारे विपश्यना-आचार्य सत्यनारायण गोएंका यांचा जन्म 1924 मध्ये मंडालेत झाला आणि त्यांच्या परंपरेतील बरेच पारिभाषिक शब्द पालीतून आलेले आहेत. ते शब्द बर्मी उच्चारात बदललेले असले तरी लेखनात पालीशी प्रामाणिक असतात, म्हणून ‘दुक्ख’, ‘दान’, ‘कम्म’ यांसारख्या शब्दांवर यंत्र सहसा अडखळत नाही. ते अडखळते रोजच्या बोलण्यात.

प्रश्न : मी डीटीपीचे काम करतो. एका ग्राहकाने बर्मी संकेतस्थळावरून घेतलेला मजकूर आणून दिला. त्याच्या संगणकावर तो ठीक दिसत होता, माझ्याकडे अक्षरे विस्कटली आणि भाषांतर तर निव्वळ बडबड आले. हा फॉन्टचा दोष आहे का?
— एक वाचक, पुणे

आपण श्रीलिपी आणि कृतिदेवाच्या काळात काम केले असेल, तर हा आजार आपल्या ओळखीचा आहे. फरक एवढाच, की बर्मी आवृत्ती जास्त फसवी निघाली. आपल्याकडच्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत, त्यामुळे फॉन्ट बदलला की रोमन अक्षरांचा कचरा दिसे आणि काहीतरी बिघडले आहे हे लगेच कळे. ब्रह्मदेशात 2007 च्या सुमारास ‘झॉजी’ नावाचा फॉन्ट पसरला. त्याने युनिकोडने (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना संगणकासाठी ठराविक क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकाने) बर्मीसाठी राखलेलेच क्रमांक वापरले, पण स्वतःच्या नियमांनी. म्हणजे संगणकाच्या दृष्टीने दोन्ही मजकूर बर्मीच, आणि एक मात्र वाचता येण्याजोगा नाही.

नेमके काय बिघडते, हे देवनागरीच्या उदाहरणाने समजेल. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी डावीकडे दिसते, पण युनिकोडमध्ये आधी ‘क’ साठवला जातो आणि मग वेलांटी. बर्मीत ‘ए’ स्वराचे चिन्हही असेच व्यंजनाच्या डावीकडे दिसते आणि युनिकोडच्या नियमाप्रमाणे व्यंजनानंतर साठवले जाते. झॉजीत ते जसे दिसते तसे, म्हणजे आधी साठवतात. शिवाय एकाच जोडचिन्हाची रुंद, अरुंद, लांब अशी वेगवेगळी रूपे झॉजीने वेगवेगळ्या क्रमांकांवर ठेवली आणि त्यासाठी शान, मोन, कारेन अशा इतर भाषांसाठी राखलेल्या जागाही घेतल्या. परिणामी एकच शब्द अनेक प्रकारे टाइप करता येतो, पडद्यावर सारखाच दिसतो, आणि यंत्राच्या लेखी ते वेगवेगळे शब्द ठरतात.

युनिकोडमध्ये बर्मी लिपी 1999 मध्ये आली खरी, पण तिची आजची साठवणपद्धत 2008 च्या 5.1 आवृत्तीत स्थिरावली. तोवर झॉजी लोकांच्या हातात पोहोचला होता. 2014 मध्ये परदेशी कंपन्यांची मोबाइल सेवा सुरू होऊन सिमकार्डे एकदम स्वस्त झाली, तेव्हा जे कोट्यवधी लोक प्रथमच इंटरनेटवर आले त्यांच्यातील बहुतेकांनी झॉजीच वापरला. सरकारने 1 ऑक्टोबर 2019 पासून युनिकोडकडे अधिकृत स्थित्यंतर सुरू केले. जुना मजकूर मात्र जिथे होता तिथेच आहे.

आपल्यासाठी उपाय सोपा आहे: मजकूर आधी झॉजी-ओळख करणाऱ्या परिवर्तकातून काढावा आणि मगच भाषांतराला द्यावा. गूगलने यासाठीची साधने सर्वांना खुली केली आहेत. ही ओळख संभाव्यतेवर चालते, त्यामुळे दोन-तीन शब्दांच्या मथळ्यावर ती चुकू शकते; परिच्छेदभर मजकूर असेल तर सहसा बरोबर सांगते.

प्रश्न : कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एवढ्या गवगव्यानंतरही बर्मी भाषांतर कच्चे का? ती भाषा फार अवघड आहे का?
— संगणकशास्त्राची एक विद्यार्थिनी, नागपूर

अवघडपणाची सबब आम्हाला फारशी पटत नाही. बर्मीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, हे खरे. जागा असते ती वाक्यांशानंतर, वाचणाऱ्याला दम घेता यावा म्हणून. पण थाई आणि चिनी भाषांतही शब्दांमध्ये जागा नसते आणि त्यांचे भाषांतर पुष्कळ सुधारले आहे. बर्मीत एक शब्दावयव (एका दमात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा) कोठे संपतो हे लिपीच्या नियमांवरूनच बव्हंशी ठरवता येते. आजची प्रारूपे तर शब्द ओळखण्याच्या भानगडीत न पडता अक्षरांचे तुकडे स्वतःच पाडून घेतात.

खरी उणीव जुळवलेल्या मजकुराची आहे. युरोपीय संसदेच्या कामकाजातून इंग्रजी-फ्रेंच वाक्यांच्या सुमारे 20 लाख जोड्या फुकट मिळाल्या. मराठीसाठी 2021 च्या ‘समानंतर’ संग्रहात इंग्रजीशी जुळवलेल्या 30 लाखांहून अधिक जोड्या आहेत, अर्थात त्यांतील बऱ्याचशा यंत्राने जाळ्यावरून शोधून जुळवलेल्या. बर्मीच्या बाबतीत संशोधक वर्षानुवर्षे ज्यावर झगडत होते ते दोन संच म्हणजे जपानच्या एनआयसीटी या संस्थेच्या पुढाकाराने झालेला आशियाई भाषांचा सुमारे 20,000 वाक्यांचा संग्रह आणि यांगून येथील संगणक विद्यापीठाचा 2 लाखांहून अधिक वाक्यांचा संग्रह. पहिल्यातील वाक्ये इंग्रजी बातम्यांची भाषांतरे आहेत. त्यावर शिकलेले यंत्र बातमीदारासारखे बोलते आणि आजीच्या निरोपापुढे गप्प होते.

मजकूर एवढा कमी का, याचे उत्तर भाषेत नसून राजकारणात आहे. ब्रह्मदेशात छापण्यापूर्वी मजकूर तपासून घेण्याची सक्ती ऑगस्ट 2012 पर्यंत होती आणि खाजगी दैनिकांना परवानगी मिळाली ती 1 एप्रिल 2013 पासून. म्हणजे इतर देशांतील वृत्तपत्रे आपापली संकेतस्थळे भरत होती त्या दशकभरात बर्मीत रोज छापले जाणारे बहुतेक सरकारीच होते. त्यानंतर जे मोकळे लेखन झाले त्याचा मोठा भाग फेसबुकवर आणि झॉजीत झाला. त्यावर 1 फेब्रुवारी 2021 ला लष्कराने पुन्हा सत्ता घेतली. जुळवलेला जुना मजकूर म्हणून बायबल हाताशी असते, पण ॲडोनिरम जडसन या मिशनऱ्याचे 1840 चे भाषांतर त्या काळाच्या ग्रांथिक बर्मीत आहे. (जाता जाता: जडसन यांच्याआधी रंगूनला गेलेले फेलिक्स केरी यांचे बर्मी व्याकरण 1814 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला छापले गेले, आणि त्याच छापखान्यातून त्यांचे वडील विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण 1805 मध्ये निघाले होते. दोन्ही भाषांची ही सुरुवातीची व्याकरणे एकाच अंगणात छापली गेली, हे फार थोड्यांना माहीत असते.)

आपण संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनी आहात म्हणून एक इशारा. भाषांतराची गुणवत्ता मोजण्याची 2002 पासून रूढ असलेली ब्ल्यू ही पद्धत शब्दांच्या जुळणीवर चालते. बर्मीत शब्दाची सीमाच वादाची असल्याने अनेक स्पर्धांत शब्दावयव मोजले जातात, आणि शब्दावयव जुळणे शब्द जुळण्यापेक्षा सोपे असल्याने गुण वर जातात. शोधनिबंधातील बर्मीचा आकडा आणि मराठीचा आकडा शेजारी ठेवून तुलना करू नका. तसेच मोठ्या भाषिक प्रारूपांत बर्मी मजकुराचे तुकडे इंग्रजीच्या कित्येक पट पडतात, त्यामुळे तेवढ्याच आशयाला वेळ आणि पैसा अधिक लागतो. मराठीलाही हा भुर्दंड आहे. बर्मीला तो आणखी जड जातो.

एवढे असूनही सुधारणा झाली आहे, हे नोंदवलेच पाहिजे. गूगलने बर्मी भाषा डिसेंबर 2014 मध्ये घेतली, मराठीनंतर दीड वर्षाने. मेटाच्या 2022 मधील दोनशे भाषांच्या खुल्या प्रारूपातही बर्मी आहे, आणि त्या प्रकल्पातील चाचणीसंचामुळे बर्मी-मराठी ही जोडीही थेट तपासता येते. कोणाला प्रबंधासाठी विषय हवा असेल, तर तो येथे पडून आहे.

प्रश्न : फेसबुकने चीनच्या अध्यक्षांच्या नावाचे भाषांतर शिवीत केले होते, असे वाचल्याचे आठवते. ही थाप आहे का?
— एक वाचक, सोलापूर

थाप नाही. जानेवारी 2020 मध्ये शी जिनपिंग ब्रह्मदेशाच्या दौऱ्यावर असताना आँग सान सू ची यांच्या अधिकृत पानावरील बर्मी मजकुराच्या इंग्रजी भाषांतरात त्यांच्या नावाच्या जागी एक अर्वाच्य शब्द येत होता. कंपनीने माफी मागितली आणि सांगितले, की हे नाव बर्मीच्या त्यांच्या साठ्यात नव्हते, म्हणून यंत्राने जवळच्या अक्षरांवरून अंदाज केला. नावाचा ज्याला पत्ता नाही असे यंत्र ‘मला माहीत नाही’ म्हणत नाही, काहीतरी ठोकून देते. हा गुण सर्व यंत्रांत आहे.

लोक हा किस्सा हसून सांगतात. आम्हाला त्याआधीचा प्रकार जास्त महत्त्वाचा वाटतो. रोहिंग्यांवरील अत्याचारांमुळे ऑगस्ट 2017 नंतर सात लाखांहून अधिक माणसे बांगलादेशात पळाली. त्या काळात फेसबुकवर फिरणाऱ्या द्वेषाच्या मजकुराचा शोध रॉयटर्स या वृत्तसंस्थेने ऑगस्ट 2018 मध्ये प्रसिद्ध केला. दिसेल त्या मुसलमानाला मारा, एकही जिवंत ठेवू नका, अशा अर्थाच्या एका बर्मी नोंदीचे फेसबुकचे इंग्रजी भाषांतर होते: ‘म्यानमारमध्ये माझ्याकडे इंद्रधनुष्य असायला नको.’ बर्मी न जाणणाऱ्या तपासनिसाने हे वाचून काय करावे? त्या वृत्तानंतर कंपनीने बर्मीची भाषांतर-सोय काही काळ बंद ठेवली. वाईट भाषांतर हास्यास्पद असते तेव्हा ते निदान पकडले जाते. निरुपद्रवी दिसणारे भाषांतर कोणी पुन्हा उघडूनही पाहत नाही.

प्रश्न : रत्नागिरीत ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाची, थिबा राजाची समाधी पाहायला बर्मी पाहुणे येतात. त्यांच्याशी फोनवरच्या भाषांतराने बोलता येईल का?
— एक शिक्षक, रत्नागिरी

रस्ता, जेवण, वेळ यांपुरते येईल. इतिहास सांगायचा असेल तर इंग्रजी जाणणारा माणूस सोबत ठेवा. लिहिण्याची बर्मी आणि बोलण्याची बर्मी यांत मोठे अंतर आहे. वाक्याच्या शेवटचे प्रत्ययसुद्धा दोन्हींत वेगळे असतात. छापील मजकुरावर वाढलेले यंत्र बोलताना ग्रांथिक प्रत्यय लावू लागले, तर पाहुण्यांना सरकारी फर्मान ऐकल्यासारखे वाटेल. त्यांचे बोलणे यंत्राला ऐकवताना सुरांचाही प्रश्न असतो, कारण सूर बदलला की शब्द बदलतो आणि समाधीजवळचा वारा यंत्राला मदत करीत नाही.

नावे मात्र जपून हाताळा. बर्मी लोकांत आडनाव नसते. नावाआधीचे ‘ऊ’ आणि ‘दॉ’ हे वयाने किंवा मानाने मोठ्या पुरुष-स्त्रियांसाठीचे उपपद आहे, ‘को’ आणि ‘मा’ हे बरोबरीच्या वा तरुण व्यक्तींसाठी. मुळात हे काका, मावशी, दादा, ताई असेच नात्याचे शब्द आहेत, आणि आपल्याकडे अनोळखी माणसालाही आपण असेच हाक मारतो, त्यामुळे रत्नागिरीकरांना हे शिकवावे लागणार नाही. यंत्र कधी ते गाळते, कधी शब्दशः काका करते. डिसेंबर 2012 मध्ये तेव्हाचे अध्यक्ष ऊ थेन सेन आपल्या गावी समाधीला आले होते. त्यांना ‘ऊ साहेब’ म्हणणे हे ‘श्री साहेब’ म्हणण्यासारखे झाले असते.

प्रश्न : आम्ही ब्रह्मदेशातून उडीद आणि लेमन तूर मागवतो. तिकडच्या बाजारातले भाव आणि निरोप बर्मीत येतात. यंत्राच्या भरवशावर सौदा करावा का?
— एक व्यापारी, वाशी

भावाचा कल समजून घेण्यापुरते यंत्र पुरेसे आहे. सौदा त्यावर करू नये. आपल्या धंद्यातील धोका शब्दांपेक्षा आकड्यांत आहे.

बर्मी लोक आपल्यासारखेच लाखात मोजतात. लाखाला ‘थेन’ आणि कोटीला पालीतल्या कोटीवरूनच आलेला ‘गडे’ हा शब्द आहे. मोठी पूर्ण रक्कम सांगताना ते एकक आधी घेतात, म्हणजे ‘दहा लाख’ऐवजी ‘लाख दहा’ असा क्रम होतो. यंत्राने त्याचे इंग्रजी करताना लाखाचे मिलियन केले आणि मिलियनचे परत मराठी केले, की एखादे शून्य इकडे-तिकडे होण्याला दोन संधी मिळतात. त्यात बर्मी शून्य आणि ‘व’ हे अक्षर पडद्यावर अगदी सारखे दिसते, तसेच सातचा आकडा आणि ‘य’ असा उच्चारले जाणारे एक अक्षर. घाईत टाइप करणारा माणूस एकाच्या जागी दुसरे सर्रास वापरतो. वाचणाऱ्या माणसाला काही फरक पडत नाही, यंत्राला मात्र आकड्याच्या मध्ये अक्षर लागते आणि रक्कम तुटते. वजन ‘पेइता’त, म्हणजे इंग्रजांनी ज्याला व्हिस म्हटले त्या सुमारे 1.63 किलोच्या मापात दिलेले असेल, तर त्याचे किलो करून द्यायचे यंत्राला सुचेलच असे नाही.

नकाराकडेही लक्ष असू द्या. बर्मीत क्रियापदाच्या आधी ‘म’ आणि शेवटी ‘बू’ अशा दोन टोकांनी नकार बांधतात. लांब वाक्यात त्यांतले पहिले टोक सुटले, तर ‘माल निघालेला नाही’चे ‘माल निघाला’ होऊ शकते. उलट भाषांतर करून खात्री करण्याची युक्ती बरेच जण सांगतात. तीवर विसंबू नका, कारण जे यंत्र जाताना चुकले तेच येताना आपली चूक झाकून घेऊ शकते. त्याऐवजी माल एफएक्यू (सरासरी दर्जाचा) की एसक्यू (खास दर्जाचा), टन किती, दर कोणत्या चलनात आणि जहाजाची तारीख कोणती, एवढ्या गोष्टी इंग्रजी अंकांत वेगळ्या ओळींवर लिहून पाठवा, समोरच्याकडून त्याच ओळी परत मागवा आणि करार इंग्रजीतच करा.